चौकटीवरची खाच

“अजून गुडघाभर हाय,” आत्याबाई म्हणाल्या. चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पायरीला लागलेल्या पुराच्या पाण्यातच कपबशी विसळायला वाकल्या.

मी कपबशी त्यांच्या हातातून काढूनच घेतली. “आत्याबाई, साऱ्या गावाचं उकिरडं आन् संडास हाय त्या पाण्यात!”

“कृष्णामाई हाय ती. तुझ्या म्हायेरच्या टँकरचं पाणी न्हवं.”

माझ्या माहेराचा उद्धार झाला नाही असा एकही दिवस त्या वर्षी गेला नाही. मी माणदेशातली. लग्न होऊन पाच महिने झाले होते. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीत उतरून वाटी-वाटीनं घागर भरायची, आणि इथं नदी घराच्या पाठीशी. लग्न ठरलं तेव्हा माझी आई रडली ती पोरगी चालली म्हणून नव्हे, पोरीला पाणी मिळालं या आनंदानं रडली, असं मी सगळ्यांना सांगते. ते थोडं खोटं आहे, पण फार नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई सुतार. साठी ओलांडलेली, अंगानं काडी, आवाज मात्र थेट वेशीपर्यंत जाणारा. मला त्या ‘कोरडवाहू’ म्हणायच्या. कुणी पाहुणा आला की, “ही आमची कोरडवाहू सून, पाणी पितानाबी मोजून पिती,” अशी ओळख व्हायची. मला राग यायचा नाही. कारण तव्यावरची पहिली गरम भाकरी त्या रोज माझ्याच ताटात टाकायच्या आणि वर म्हणायच्या, “गिळ, दुष्काळातनं आलीयास.”

आता ‘गुडघाभर’ कशाला होतं ते सांगते. आमच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतःच्या हातानं घडवलेली होती. मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांची सुतारकी पंचक्रोशीत नावाजलेली. त्या चौकटीच्या उजव्या अंगाला, उंबऱ्यापासून गुडघाभर उंचीवर, बोटभर रुंदीची एक सरळ खाच होती. विलास, माझे मालक, शाळेत होते तेव्हा गावात मोठा पूर आला होता. पाणी घरात शिरलं आणि चौकटीवर जिथं थांबलं तिथं पटाशीनं, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट धारेच्या हत्यारानं, ही खाच घेतली होती. “सुंदरा, ह्याच्या वर पाणी कवा यायचं न्हाई,” असं मामंजी तेव्हा म्हणाले. पुढं दोनच वर्षांत ते गेले. माणूस गेला आणि खाच राहिली, तिचं मग देवघरच झालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली जायची आणि गोष्ट सांगितली जायची. मी पाच महिन्यांत ती चाळीस वेळा तरी ऐकली असेल, दर वेळी त्याच शब्दांत:

“हिकडं पाणी खाचंला लागलं, आन् तिकडं मारुतीच्या पायाला लागलं. देवाचं पाय शिवलं, आन् माघारी फिरलं.”

मारुती आमच्या दारासमोरच. लहानसं देऊळ, तीन बाजूंनी मोकळं, सागवानी खांबांवर उभं. आत चौथऱ्यावर शेंदूर माखलेला उभा मारुती. आमच्या उंबऱ्यात बसलं की त्याचं तोंड दिसायचं.

पुराचा तो तिसरा दिवस होता. धरणातून पाणी सोडलेलं, वरून पाऊस, आणि दोन दिवस ग्रामपंचायतीचा कर्णा ओरडून ओरडून घसा बसल्यासारखा झाला होता. सारा गाव माळावरच्या शाळेत गेला होता. आमची म्हैस तर पहिल्याच दिवशी गेली. आत्याबाईंनी कुणी न सांगता तिला शेजाऱ्यांच्या गुरांबरोबर माळावर धाडली. “मुकं जनावर, त्येला काय कळतंय,” म्हणाल्या. आम्हाला बोलता येत होतं, म्हणून आम्ही मागे राहिलो.

विलास तालुक्याला एका बंगल्याच्या दारं-खिडक्या बसवायला गेले होते आणि रस्ता पाण्याखाली गेल्यामुळं तिकडंच अडकले होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “आई हट्टी हाय. तिला संभाळ.” तेवढं एक काम माझ्याकडं होतं आणि तेच मला जमत नव्हतं.

“वैनीऽऽ!” गल्लीच्या तोंडाकडून हाक आली.

बंडूनाना गुळवे काहील घेऊन आले होते. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई, मधे सात-आठ माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. वर्षभर गुऱ्हाळावर तापते आणि पूर आला की तीच आमच्याकडची होडी. नाना गुळव्या होते, रसाला चटका किती द्यायचा हे सांगणारा माणूस, आणि त्या तीन दिवसांत त्यांनी बांबूच्या जोरावर निम्मा गाव बाहेर काढला होता. आदल्या दिवशी ते आमच्या दारात दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा आत्याबाई म्हणाल्या, देवाचा नैवेद्य व्हायचाय. दुसऱ्यांदा लोणच्याची बरणी आडवी आली. “बरणीसकट चला की,” असं नाना म्हणाले तर, “हिंदकाळलं की लोणचं नासतंय,” असं उत्तर मिळालं.

आज नाना चेष्टेच्या रंगात नव्हते. त्यांनी बांबू पायरीशी टेकवला आणि काहील धरून ठेवली.

“वैनी, ही शेवटची खेप. ओढ्याचं पाणी गल्लीत घुसाय लागलंया. धार बघा किती हाय. पुन्ना मला काहील आत घालता यायची न्हाई. उठा.”

“तू शालनला घिऊन जा,” आत्याबाई म्हणाल्या. “मी घर राखते.”

“मी एकटी जायाची न्हाई,” मी म्हटलं.

“जा म्हनते न्हवं! विलासनं मला सांगितलंय, शालन परक्या मुलखातली हाय, पुराला भेईल, तिला संभाळ म्हणून.”

“तुमाला तसं सांगितलं?” मी विचारलं. “मला सांगितलंय, आईला संभाळ!”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. नानांना त्याही वेळी हसू आलं. “त्यो बेणं तालुक्यात बसलंय आन् हितं दोघींची झुंज लावलीय,” ते म्हणाले. “वैनी, चला. भिंती कच्च्या विटांच्या हायत तुमच्या. जोतं तेवढं दगडाचं. पाणी जोत्याच्या वर गेलं की माती धरायची न्हाई.”

“पाणी अजून उंबऱ्यालाबी न्हाई.” आत्याबाईंनी चौकटीला पाठ लावली आणि पाय मुडपून अशा बसल्या की त्यांना उचलायचं तर चौकटीसकट उचलावं लागलं असतं. “आन् उंबऱ्याच्या वर खाच गुडघाभर. ह्येंनी सांगून ठिवलंय. काय उगंच पळापळ करायची?”

“वैनी, दादा गेला त्येला किती वर्सं झाली? आजच्या पाण्याचं त्येला काय म्हाईत?”

नाना बिचारे आमच्याच भल्यासाठी बोलले, पण नेमकं नको ते बोलून गेले. आत्याबाईंचा चेहरा असा झाला की मला धडकीच भरली. आवाज मात्र पहिल्यांदाच खाली आला.

“म्हंजे माझा मालक खोटं बोलला म्हन की.”

“तसं न्हवं वैनी—”

“जा तू.”

तेव्हा मला कळलं की या बाईला लोणच्याची पडलेली नाही आणि घराचीही नाही. ती एका माणसाच्या शब्दाखातर बसली आहे. उठून काहिलीत बसली तर तो शब्द तिनंच पाण्यात टाकल्यासारखं होणार आणि बसून राहिली तर ती बुडणार. नाना तिला ओढू शकत होते, पण दोघांच्या झटापटीत काहील उलटली असती. आणि तिला तिथं टाकून मी गेले असते तर विलासला तोंड दाखवता आलं नसतं. विलासचं राहू दे, मलाच ते सहन झालं नसतं. त्या पाच महिन्यांत ती बाई मला कधी आवडायला लागली ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून समोर बघितलं.

समोर मारुती होता. कमरेपर्यंत पाण्यात.

मी डोळे पुसून परत बघितलं. मग चौकटीवरची खाच बघितली. ती कोरडी ठणठणीत, पाण्याच्या पार वर.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मारुती कवा खाली बसतो का?”

“येड लागलं का तुला?”

“न्हाई, सांगा की. पाणी मारुतीच्या पायाला लागलं की आपल्या खाचंला लागतं, असंच न्हवं?”

“चाळीस डाव सांगितलंय तुला.”

“मग बघा बरं समोर. मारुतीच्या कमरेला पाणी हाय. आन् आपली खाच अजून कोरडी. असं कसं?”

आत्याबाईंनी मान वळवली. तीन दिवस त्या पायऱ्या मोजत होत्या, उंबरा बघत होत्या. मारुतीला सकाळ-संध्याकाळ हात जोडत होत्या, पण डोळे मिटून. आता त्यांनी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडं बघितलं. मग खाचेवर हात ठेवला. परत मारुतीकडं बघितलं.

“हे जोतं कवा उचललं?” मी हळूच विचारलं.

“ह्येंच्या माघारी. वर्षश्राद्ध झाल्यावर.” त्या तोंडातल्या तोंडात बोलत होत्या. “पुन्ना पुराचं पाणी घरात नगं म्हणून दगडाचं तीन थर चढिवलं. तीन फूट. आन् गवंडी म्हनला नवी चौकट करू, तर मी म्हनलं, न्हाई, ह्येंच्या हातची हाय, हीच बशीव वर...”

आणि त्या थांबल्या.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. उंबऱ्याच्या कडेला त्याच वेळी पाण्याची पहिली ओल आली होती, ती मला दिसत होती.

“मामंजी खोटं बोलले न्हाईत, आत्याबाई. चौकट वर चढली. तिच्याबरूबर खाचबी वर चढली. त्येंनी खाच मारली तेव्हा ती तीन फूट खाली हुती. ती जागा आता पाण्यात हाय, आपल्या पायाखाली. कालच बुडालीय.”

त्यांचा हात खाचेवरून खाली सरकला.

“मामंजी आज असते तर काल दुपारीच तुमाला उचलून काहिलीत बसिवलं असतं.”

“उचलून न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. डोळे भरलेले, पण मान ताठ. “माझं ऐकायचं त्ये. नुसतं म्हनलं असतं, सुंदरा, चल.”

मी हात पुढं केला. “चला.”

त्या उठल्या. नानांनी ‘देवा रे’ म्हणून सुस्कारा सोडला, तेवढ्यात आत्याबाई उलट्या पावली आत पळाल्या. “वैनीऽ! आता काय बरणी आणताय?” नाना ओरडले. मीही संधी साधली. वीज दोन दिवस नव्हतीच, पण ती कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून कोरड्या लाकडी पाटावर उभी राहून मेन स्विच खाली ओढला, आणि पहिल्या दिवशी नळ बंद व्हायच्या आत भरून फडक्यानं बांधून ठेवलेली तांब्याची घागर काखेत घेतली.

नानांनी कपाळाला हात लावला. “अगं बया, पुरात पाणी कुठं न्हेतीस?”

“प्यायला,” मी म्हटलं.

आत्याबाई बाहेर आल्या त्या ओच्यात काहीतरी गुंडाळून, गाठ मारून. देवपण नाहीत, बरणीपण नाही. नानांनी हात दिला, दोघींना काहिलीच्या बरोबर मध्यभागी खाली बसवलं आणि बजावलं, “कडंला धरू नगा. हलू नगा. ती फिरली तर फिरू द्या, घाबरून उठायचं न्हाई.” मग बांबू रेटता रेटता त्यांना राहवलं नाही. “वैनी, ओच्यात एवढं काय घेतलंसा?”

“सोनं,” आत्याबाई म्हणाल्या.

काहील गल्लीत दोनदा गरागरा फिरली. मला माझं माहेर, तिथली फुफाट्याची वाट, सगळं आठवलं. आत्याबाईंनी एका हातानं ओचा धरला होता आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. चार दिवस त्यांच्या बोटांचे वळ राहिले होते. मारुतीपाशी आलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडण्यासाठी माझं मनगट सोडलं, नमस्कार केला आणि लगेच परत पकडलं.

शाळेच्या पायऱ्यांवरून आमच्या घराची कौलं दिसायची. आम्ही पोचून, ओली लुगडी बदलून, कुणीतरी दिलेला चहा पीत तिथं बसलो होतो. चारच्या सुमारास मागच्या छपराचं आढं मधे वाकलं. आधी थोडंसं वाकलं, मग आवाज न करता सगळं खाली बसलं. तिथं माजघर होतं. आम्ही सकाळी तिथंच चूल पेटवली होती.

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “चहा गार व्हाय लागलाय. पी.”

आम्ही सहा दिवस शाळेत राहिलो. सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी गत झाली होती. टँकर येईपर्यंत पहिले दोन दिवस पावसाच्या पागोळ्या आणि माझी घागर एवढ्यावर आमच्या वर्गातल्या लोकांनी काढले, आणि तिथं माझं माहेर कामाला आलं. घागरीत हात घालायचा नाही, वरून ओगराळ्यानं काढायचं, पोरांना आधी द्यायचं, पागोळ्यांचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून उकळायचं. मी हे सगळं लहानपणापासून करत आले होते. आरोग्य केंद्राच्या सिस्टर औषधाचे थेंब घेऊन आल्या तेव्हा त्या मला विचारून पुढं बाकीच्या वर्गांना तसंच करायला सांगू लागल्या. आणि घागरीवर पहारा कुणाचा? सुंदराबाई सुतारांचा.

“ए, हात काढ! आमच्या सुनेला इच्चारल्याबिगर घागरीला शिवायचं न्हाई. पाण्याचं तिला कळतंय.”

ज्या बाईनं पाच महिने मला कोरडवाहू म्हणून जगात मिरवलं, तीच हे बोलत होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं तर आईला फोनवरच सांगितलं.

रात्री झोपताना आत्याबाईंचा हात ओच्यावर असायचा. बायका आपसात कुजबुजायच्या, म्हातारीकडं बरंच सोनं आहे म्हणून.

सातव्या दिवशी पाणी ओसरलं. विलास रस्ता मोकळा झाल्या झाल्या आदल्या संध्याकाळी चालत आले होते. आईनं त्यांना जवळ घेतलं आणि मग, “दोघींना एकच निरोप देतोस व्हय रे?” म्हणून पाठीत धपाटा घातला. सकाळी ते गुरांकडं गेले आणि आम्ही दोघी घराकडं निघालो. नडगीपर्यंत चिखल आणि नाकातला केस जळावा असा वास. मी पुढं काठी आपटत आणि मागं आत्याबाई, कारण काठीच्या आवाजानं सापकिरडू सरकतं. गल्लीत दोन ठिकाणी खरंच सरकलं.

घराचा मागचा भाग ढिगारा झाला होता. पुढची भिंत उभी होती, आणि तिच्यात चौकट. खाचेच्याही वर बोटभर चिखलाची रेघ उमटली होती.

“देव हायत आत,” म्हणून आत्याबाई तरातरा निघाल्या.

मी त्यांचा दंड धरला. “आत जायाचं न्हाई.”

“माझं घर हाय ते!”

“भिंतीला चीर बघा केवढी गेलीय. ग्रामसेवक काय म्हनले काल? पाण्यात भिंत उभी ऱ्हाती आन् पाणी गेल्यावर पडती. देव हायतच तिथं, कुठं जात न्हाईत. दोन दिवस ऊन खाऊ दे, मग विलास आन् नाना मिळून काढतील.”

मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्यांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काय आश्चर्य, मुकाट्यानं वळून मारुतीच्या देवळात जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. आम्ही मारुतीच्या अंगावरचा चिखल काढत होतो. अर्धं अंग पुसून झालं असेल नसेल, एवढ्यात समोर ऊन आलं आणि उन्हाबरोबर आमची पुढची भिंत आत कोसळली. धुरळा नाही, ओला धप्प आवाज. चौकट तेवढी तिरकी होऊन उभी राहिली.

आत्याबाई माझा हात धरून ढसाढसा रडल्या. मीही रडले. घर गेलं होतं, रडायलाच पाहिजे होतं. मग त्यांनी नाक पुसलं आणि सात दिवसांची ओच्याची गाठ सोडली.

आत फडक्यात गुंडाळलेली मामंजींची पटाशी होती. लाकडी मूठ, हातानं घासून काळी झालेली.

“हे सोनं?” मी विचारलं.

“मग काय!” त्या उठल्या आणि देवळाच्या खांबाशी गेल्या. खांबावर, मारुतीच्या डोक्याच्या उंचीला, पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. “घे. मार हितं खाच. खांबावर. चौकट मानूस हलिवतंय, मारुतीला कोन उठवत न्हाई.”

“मला न्हाई येत. विलासला बलवू?”

“तू बघितलंस, तूच मार.” पटाशी माझ्या डाव्या हातात आली, उजव्या हातात दगड. आत्याबाई मागं उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. “तिरपी धर. आता हळूच. लाकूड आपसूक वाट देतंय.”

कच्चकन एक सरळ ढलपी निघाली. इतकी सरळ की मी मागं वळून बघितलं.

“आत्याबाई, तुमाला पटाशी कशी काय येती?”

त्या चक्क लाजल्या. साठी ओलांडलेली बाई, घर कोसळलेलं, अंगभर चिखल, आणि लाजली.

“चौकटीवरची खाच मीच मारल्याली,” त्या म्हणाल्या. “हात माझा हुता. माझ्या हातावर त्येंचा हात हुता, आसाच. लोकांस्नी कसं सांगायचं?”

मी पटाशीच्या काळ्या मुठीवरून अंगठा फिरवला.

“आता खाली ये,” त्या म्हणाल्या आणि मला खांबाच्या पायथ्याशी बसवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बोट ठेवलं. मारुतीचे पाय त्याच्या बरेच वर होते. “हितं दुसरी मार.”

“हितं कसली? पाणी तर वरपर्यंत आलं हुतं.”

“वरची यून गेलेल्या पाण्याची. ही निघायची. हिला पाणी लागलं की काय बी बघायचं न्हाई, चालाय लागायचं. देवाचं पाय भिजायच्या आधी आपलं पाय बाहेर.”

दुसरी खाच आम्ही दोघींनी मिळूनच मारली.

याला आता एकोणीस वर्षं झाली. नवं घर पक्कं बांधलं. जुनी चौकट त्यात बसवली, ती नुसती बघायला. त्यानंतर तीन वेळा पाणी खालच्या खाचेला लागलं. पहिल्या दोन्ही वेळा पहिल्या ट्रॉलीत आत्याबाई सगळ्यांच्या आधी चढून बसल्या आणि मागं रेंगाळणाऱ्यांना वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. आमच्या गल्लीतलं कुणी दगावलं नाही. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, ऐन उन्हाळ्यात.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खालची खाच ओली झाली. विलासनी म्हैस सोडून ट्रॅक्टरबरोबर लावली. मी मेन स्विच बंद केला, घागर भरून फडकं बांधलं आणि ट्रॉलीत चढले. मग परत खाली उतरले. विलास ओरडले, “आता काय राहिलं?” मी आत गेले, देवघरामागच्या खिळ्याला टांगलेलं फडकं काढलं आणि कमरेला खोचून बाहेर आले.

ट्रॉलीत बंडूनाना बसले होते. आता सत्तरीपार, डोळ्याला जाड भिंगं. त्यांनी मला हात देऊन वर ओढलं आणि कमरेकडं बघितलं.

“काय घेतलंस गं एवढं?”

“सोनं,” मी म्हटलं.

नाना हसले नाहीत. सरकून त्यांनी मला ट्रॉलीच्या मध्यभागी जागा करून दिली आणि म्हणाले, “मग नीट धर. वैनी असंच धरून बसली हुती.”